अकरा गुलाबी नळ्या

१ जुलै, सोमवार

ही वही घरची आहे. पेन रुग्णालयाचं आहे, पण फक्त आजपुरतं. उद्या घरचं आणीन आणि हे जागेवर ठेवीन.

आज त्सेंग मॅडमनी बोलावलं. त्या आमच्या समाजआरोग्य विभागाच्या प्रमुख. रेनशिन रुग्णालयात मी मे महिन्यात लागले, तीन महिन्यांच्या परीक्षाकाळावर, आणि तो एकतीस जुलैला संपतो. त्या म्हणाल्या, "को पेइ-ची, मागच्या टेकडीवरच्या वस्तीचा वॉर्ड तुझा. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाची माणसं. तीनशे नळ्या. एकतीसपर्यंत."

नळी म्हणजे शौचाची. बोटाएवढी असते, आत पाणी आणि काडी. माणसाने घरी काडी फिरवायची, झाकण लावायचं आणि आणून द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त लॅबच्या यंत्राला दिसतं. दर नळीमागे दहा अंडी भेट.

"तीनशे म्हणजे तीनशे," मॅडम म्हणाल्या. "दोनशे नव्व्याण्णव म्हणजे दोनशे नव्व्याण्णव. आणि खिडकी पाचला बंद. पाच वाजून एक मिनिटाने आलेली नळी दुसऱ्या दिवसाची. देव आला तरी."

मी हे लिहून घेतलं. या वॉर्डातून आधीच जमलेल्या नळ्या एक्केचाळीस.

२ जुलै

पेन परत केलं.

आमच्या टेकडीला रस्ता नाही, पायऱ्याच आहेत. सातशे बारा. मी मोजल्या, कारण कामावरच्या प्रवासाचा तक्ता भरावा लागतो आणि अंदाजे लिहिणं बरं वाटेना. आमच्या कीलुंग शहराचा पाऊस चालूच होता. प्रत्येक दारात मी म्हणायचं, "नमस्कार, मी रेनशिनमधून आले," आणि समोरच्याने म्हणायचं, "अगं, गॅसवाल्या को शुई-फाची डॉक्टर मुलगी ना तू?"

मी डॉक्टर नाही. मी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आहे. हे मी आज बावीस वेळा सांगितलं. तरी तिघांनी मला पुरळ दाखवलं आणि एकाने कवळी काढून हातात दिली.

दोष बाबांचा आहे. बाबा सहावीनंतर शाळेत गेले नाहीत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच, म्हणून माझं प्रमाणपत्र त्यांनी चौकट करून दुकानात लावलं आहे, सिलिंडरच्या रांगेच्या वर, रस्त्यावरून दिसेल असं. कोणी गॅस मागायला आलं की आधी ते वाचायला लावतात, मग सिलिंडर.

५ जुलै

वॉर्डप्रमुख जिआन काकूंनी मदत करते म्हटलं होतं. मला वाटलं पत्रकं वाटतील. सकाळी सात वाजता वॉर्डाच्या भोंग्यावर त्यांचा आवाज आला. टेकडीवर प्रत्येक खांबाला भोंगा आहे, एरवी पाणी जाणार असलं की वाजतो.

"ऐका हो ऐका! ज्यांनी शौच दिलेलं नाही त्यांनी आजच द्या! रेनशिनची खिडकी पाचला बंद होते! अंडी ताजी आहेत! वरच्या आळीतले लुओ आजोबा, तुम्ही दोनदा हो म्हणालात, दिलं एकदाही नाही!"

मी चप्पल न घालता धावले. काकूंना म्हटलं, काकू, ही माहिती खाजगी असते, नावं घ्यायची नाहीत.

"बरं बाई," म्हणाल्या आणि परत भोंगा लावला. "ऐका हो! मघाशी ज्या आजोबांचं नाव घेतलं, ते कृपया विसरा!"

दुपारपर्यंत अठ्ठावन्न नळ्या आल्या. लुओ आजोबांची नाही.

मोफत थंड हवा आणि कोरडी फरशी मिळते म्हणून टेकडीवरची निम्मी म्हातारी माणसं तशीही रोज आमच्या तळमजल्यावर बसलेली असतात. छत्र्या वाळवतात, एकमेकांचा रक्तदाब मोजतात, ज्याचा जास्त येईल त्याला चिडवतात. एखादी आजी आली नाही तर म्हणतात, "आज दिसली नाही, आजारी असेल." त्या जत्रेतून नळ्यांची रांग जात होती. सगळे एकमेकांची नळी उजेडाला धरून बघत होते. मी विनंती केली की असं करू नये. कोणी ऐकलं नाही.

९ जुलै

आई वहिनीच्या बाळंतपणासाठी ताओयुआनला गेली आहे, त्यामुळे घरात मी आणि बाबाच. मामाने लाल ड्रॅगन फ्रूटची पेटी पाठवली. मला एकाने पुरे होतं. बाबा एका बैठकीला तीन खातात.

आज सकाळी शौचालयात थोडं लाल दिसलं. मी दारावरून विचारलं. बाबा म्हणाले, "ड्रॅगन फ्रूट." बरोबर आहे, त्याने तसं होतं, मी अभ्यासक्रमात वाचलं आहे. विशेष म्हणजे बाबांनी शौचालय स्वतः घासलं. एरवी आई असताना हात लावत नाहीत. एकटं राहिल्याने माणूस सुधारतो.

बाबांची स्वतःची नळी दहा दिवस फ्रिजवर पडून आहे. आठवण केली तर म्हणाले, "आधी गिऱ्हाईक, मग दुकानदार."

१८ जुलै

दोनशे ब्याण्णव.

चार दिवसांत एकही नाही. जे देणार होते त्यांनी दिली. उरलेले दाराआडून "घरी कोणी नाही" म्हणतात. मी "बरं" म्हणून परत येते आणि अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर लक्षात येतं.

जेवताना डोळ्यांत पाणी आलं. बाबांना म्हटलं कांदा लागला. खोटं होतं. भाजीत कांदा नव्हता, मी रडले. इथे लिहून ठेवते.

बाबा म्हणाले, "आ-ची, कोण देत नाही?" (घरी मी आ-ची.)

"नावं सांगता येत नाहीत, बाबा. गोपनीय असतं."

"मग सांगू नकोस. मी नावं घेतो. तू फक्त मान हलवू नकोस."

त्यांनी एकेक नाव घेतलं. मी मान इतकी ताठ धरली की शेवटी आखडली आणि मलम लावावं लागलं. मी काहीही उघड केलेलं नाही. बाबा मात्र सिलिंडरच्या पावतीमागे काहीतरी लिहीत होते.

मलम लावताना त्यांनी विचारलं, "एका नळीला किती लागतं गं?"

"काडीला लागेल एवढंच. तांदळाच्या दाण्याएवढं."

"म्हणजे माणसाकडे बरंच उरतं."

"हो."

"वाया जातं म्हण की."

बाबांना माझ्या कामाचा एवढा रस वाटतो हे बघून बरं वाटलं. आमच्या घरात आजवर कोणी शास्त्रीय प्रश्न विचारलेला नव्हता.

२० जुलै

ड्रॅगन फ्रूटची दुसरी पेटी आली. बाबांनी मागवली. शिवाय रात्रीच्या जेवणाला रताळी, सकाळी रताळी, दुपारी डब्यात रताळी.

"बाबा, पोटाला त्रास होईल."

"काम वाढलंय," ते म्हणाले.

२२ जुलै, सोमवार

आनंदाची बातमी! बाबा आज साडेचार वाजता स्कूटरवरून खिडकीशी आले आणि टोपलीतून पिशवी काढली. अकरा नळ्या! अकराही जणांच्या, प्रत्येकीवर नावाची चिकटपट्टी, प्रत्येकाबरोबर सही केलेला कागद. सिलिंडर पोचवता पोचवता गोळा केल्या म्हणाले.

"बाबा, तुम्ही त्यांना कसं पटवलंत?"

"गॅसवाल्याला कोण नाही म्हणतं? चहा उकळायचाय ना."

अकरा खोकी अंडीही तेच घेऊन गेले, ज्याची त्याला द्यायला. सातशे बारा पायऱ्या, पाठीवर सिलिंडर आणि हातात एकशे दहा अंडी. एकही फुटलं नाही. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि पायरीवर बसून दम घेत होते. मी म्हटलं, वय झालं बाबा. ते म्हणाले, "वय कुठलं? मोकळा झालोय जरा."

२५ जुलै

तीनशे तीन.

पुन्हा मोजल्या. तीनशे तीन. त्सेंग मॅडम म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेला हा सर्वांत मोठा शब्द आहे. संध्याकाळी बाबांनी दुकानासमोर गरम माशाच्या वड्या वाटल्या. स्वतः खाल्ल्या नाहीत, पोट ठीक नाही म्हणाले. रताळी.

२६ जुलै

लॅबमधून पेंग काकांनी बोलावलं. पेंग काका सव्वीस वर्षं आमच्या गावाचं शौच तपासत आहेत. "मी या लोकांना चेहऱ्याने ओळखत नाही," असं ते नेहमी सांगतात, "पण आतून ओळखतो."

टेबलावर अकरा नळ्या उभ्या होत्या. आतलं पाणी गुलाबी.

"सुंदर आहेत ना?" काका म्हणाले. "लग्नात वाटायला ठेवल्यासारख्या."

"ड्रॅगन फ्रूटमुळे रंग आला असेल," मी म्हटलं. "पण त्याने यंत्र फसत नाही ना?"

"नाही. यंत्राला फक्त माणसाचं रक्त कळतं. आणि अकराच्या अकरांत रक्त आहे. आकडेही जवळजवळ सारखे."

 अकरा माणसं! एकाच टेकडीवरची! मला वाटलं साथ आहे. पाण्यात काही असेल. मी विचारलं, सरकारला कळवायचं का?

पेंग काकांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, या अकरा जणांनी मिळून जेवण केलं होतं का?"

"माहीत नाही."

"आणि मिळून..." ते थांबले. "जाऊ दे. तू मुलगी आहेस. जा, चौकशी करून ये. आकडा मी सोमवारी चढवतो."

२७ जुलै

सुट्टी असूनही टेकडी चढले. निकाल सांगितला नाही, तो सांगायचा अधिकार डॉक्टरांना आहे. फक्त आहार विचारला.

लुओ आजोबा म्हणाले, "ड्रॅगन फ्रूट? मला मधुमेह आहे. बायको बघूही देत नाही."

दाई आजी म्हणाल्या, "दात कुठायत? पेजेवर आहे मी. अंडी छान होती हं."

तिसऱ्यांना फळं आवडत नाहीत. चौथ्यांना फक्त केळं चालतं. दहा घरांत कोणीही ड्रॅगन फ्रूट खाल्लेलं नाही. अकराव्या दारावर कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बाओ आजोबा? ते जूनपासून काओशुंगला आहेत, मुलाकडे. त्यांच्या वाटची अंडी माझ्याकडे दिली गॅसवाल्याने. तुला हवीत का दोन?"

मी पायरीवर बसले. जूनपासून काओशुंगला असलेल्या माणसाने बावीस जुलैला कीलुंगमध्ये नळी कशी दिली? सरळ घरी गेले.

बाबा ड्रॅगन फ्रूट सोलत होते.

पुढचं जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, "बाबा, अकरा नळ्यांत कुणाचं होतं?"

"गिऱ्हाइकांचं."

"बाओ आजोबा जूनपासून काओशुंगला आहेत."

"मग पाठवलं असेल."

"कसं?"

बाबा विचारात पडले. 'कुरियरने' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी सुरी ठेवली.

"कागदावर काय लिहिलंय? 'नळीत नमुना असावा.' होता की नाही? कुणाचा असावा ते वर बारीक अक्षरात आहे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. चार दिवस लागले मला, आ-ची. अकरा म्हणजे काही खायचं काम नाही. ते लोक नळ्या कचऱ्यात टाकणार होते. मी म्हटलं द्या इकडे, अंडी मिळतील. बाओचं मीच भरलं, सहीसकट. तुझं तीनशेचं भरत होतं. तुझी नोकरी..."

"बाबा, अकराही नळ्यांत रक्त आहे."

निकाल सांगायचा अधिकार मला नव्हता. सांगितला.

बाबा हाताकडे बघत राहिले. हात लाल होते, फळामुळे.

"मूळव्याध आहे ती," म्हणाले.

"कधीपासून?"

"नववर्षापासून. थोडी. तुझा परीक्षाकाळ संपला की सांगणारच होतो. गॅसवाल्याला काही झालं असं कळलं तर तू सगळ्यांच्या दारात जाऊन काय सांगशील? लोक म्हणतील आधी बापाचं बघ."

महिनाभर मी सातशे बारा पायऱ्या चढून परक्यांना विचारत होते, बसायला त्रास होतो का, वजन उतरलंय का, रंग बदललाय का. आणि घरी येऊन शौचालय स्वच्छ आहे म्हणून खूश होत होते.

आज दुसरं काही लिहवत नाही.

२९ जुलै

त्सेंग मॅडमना अहवाल दिला. त्यात लिहिलं: 'अकरा नमुने एकाच व्यक्तीचे आहेत. सदर व्यक्ती माझे वडील आहेत. अकरा नमुने रद्द धरावेत. एकूण दोनशे ब्याण्णव. एकशे दहा अंडी अयोग्य रीतीने वाटली गेली असून वसुली सुरू आहे.'

त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुझ्याशिवाय कुणाला कळलं असतं?"

"पेंग काकांना."

"पेंग बोलला नसता."

"मग फक्त मला."

त्या खुर्ची वळवून खिडकीबाहेरचा पाऊस बघू लागल्या. फार रागावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "वडिलांची दुर्बिणीची तपासणी कधी?"

"ते नाही म्हणतात."

रविवारपासून चांद्र पंचांगाचा सातवा महिना लागतो. पितरांचे दरवाजे उघडले की महिनाभर टेकडीवरचं कोणी दवाखान्याच्या पलंगावर झोपायला तयार नसतं, आणि बाबा तर मुळीच नाहीत. म्हणजे या आठवड्यात, नाहीतर सप्टेंबरात. डॉक्टर म्हणतात, सप्टेंबरपर्यंत थांबू नका. बाबा म्हणतात, "सहा महिने थांबलो, अजून एक महिना काय!" मी गुरुवारची वेळ धरून ठेवली आहे. त्यांना न विचारता. हे चूक आहे, पण खोडणार नाही.

अंड्यांची वसुली: कच्ची सव्वीस, मसाल्यात उकडलेली चौदा, खारवलेली बदकाची सहा (ही आमची नव्हेत). दाई आजींनी अंड्यांऐवजी केक दिला आणि म्हणाल्या, "आतच आहेत, मोजून घे." विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवलं. परतीच्या अंड्यांसाठी कुठलाही अर्ज उपलब्ध नाही.

३० जुलै

बाबा म्हणाले, देवी हो म्हणाली तर जाईन.

संध्याकाळी माझू देवीच्या देवळात गेलो. जिआन काकू आधीच तिथे होत्या, त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. बाबांनी नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला. मी हळूच पिनकोडही सांगितला. मग बाबांनी लाकडी चंद्रकोरी हातात धरून विचारलं, "आई, मी ती दुर्बीण घालून घेऊ का?" आणि त्या खाली टाकून कौल लावला.

दोन्ही कोरींची सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली. हो नाही, नाहीही नाही.

पुन्हा. हसली.

तिसऱ्यांदा. हसली.

बाबा खूश झाले. "बघ. हसण्यावारी नेते आहे. म्हणजे काही नाहीये."

मी म्हटलं, "बाबा, हसली म्हणजे प्रश्न नीट विचारा असा अर्थ असतो."

"मग एवढी हसते कशाला?"

जिआन काकूंच्या आवाजाला भोंगा लागत नाही. (त्यांचे शब्द आहेत तसे लिहिते.) "शुई-फा! साठीचा घोडा तू, अकरा जणांच्या नावाने हगलास! ती हसणार नाही तर काय करणार? मी स्वतः गेली दोन रात्री हसतेय!"

 आधी उदबत्त्या विकणारी बाई हसली. मग पुजारी. मग रांगेतले सगळे. बाबांचे कान ड्रॅगन फ्रूटसारखे झाले.

ते देवीकडे बघून हळू म्हणाले, "म्हणजे तुला सगळं माहीत होतं." वाकून कोरी उचलल्या. या वेळी मनातच काहीतरी विचारलं, ओठ हलले फक्त. कौल लावला.

एक सपाट, एक गोल. हो.

पुन्हा लावला. हो. तिसऱ्यांदाही हो.

काय विचारलंत, असं मी वाटेत तीनदा विचारलं. म्हणाले, "गोपनीय असतं."

३१ जुलै, बुधवार

शेवटचा दिवस.

सकाळी सातला भोंगा: "ऐका हो! ज्या अकरा जणांच्या नावाने दुसऱ्याने दिलं, त्यांनी आज स्वतःचं द्या! अंडी खाल्लीत, आता लाज राखा! नावं मी घेणार नाही, कारण ते खाजगी असतं! तुम्हाला ठाऊक आहे तुम्ही कोण ते!"

दहाला लुओ आजोबा आले. "माझी खरी आहे," म्हणाले. "पाहिजे तर बायकोला विचार, ती दाराबाहेर उभी होती." मग दाई आजी. दुपारपर्यंत पाच, चारला सात. बाओ आजोबा काओशुंगला, उरलेले तिघे येईनात.

दोनशे नव्व्याण्णव.

साडेचारला आठवलं. बाबांची स्वतःची नळी! फ्रिजवर! ते वॉर्डातले, वय एकसष्ट, एकदाही दिलेली नाही! फोन केला.

"बाबा, तुमची नळी भरून आणा. एकच हवी!"

 अगदी मेलेल्या आवाजात ते म्हणाले, "पोरी, उद्याच्या तपासणीचं औषध सकाळपासून पितोय. तीन लिटर. आता नुसतं पाणी आहे. अकरा दिल्या गं मी, अकरा! आणि आज एक..." मग "थांब" म्हणून फोन टाकून धावले.

नंतर माझ्या लक्षात आलं की औषध घेतल्यानंतरचा नमुना तसाही चालला नसता. म्हणजे मी विचारलं हेही चूकच. नोंद करते.

पाच वाजता खिडकी बंद केली. पाच वाजून सात मिनिटांनी काचेवर टकटक. त्सेंग मॅडम. त्यांनी खिशातून एक नळी काढून समोर ठेवली. चिकटपट्टीवर त्यांचंच नाव, वय चोपन्न. त्या टेकडीच्या पायथ्याच्या इमारतीत राहतात हे मला आजच कळलं. पत्ता आमच्याच वॉर्डातला.

"घे," म्हणाल्या.

मी घेतली, आभार मानले आणि एक ऑगस्टचा शिक्का मारला.

त्यांनी शिक्क्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत शिक्क्याकडे.

"को पेइ-ची. आत्ता तीनशे होतात."

"नाही मॅडम. खिडकी पाचला बंद झाली. ही पुढच्या मोहिमेतली पहिली आहे. तुम्हीच म्हणाला होता, देव आला तरी."

त्यांचा चेहरा विचित्र वाकडा झाला, ओठ घट्ट आवळले आणि खांदे हलायला लागले. त्यांना दाढदुखीचा त्रास असावा. तशाच भराभर जिन्याकडे गेल्या. तिथून काही वेळ आवाज येत होता. फार दुखत असेल. मी दहा अंडी त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

१ ऑगस्ट

बाबांना नऊला आत नेलं. त्याआधी ते पलंगावरून सगळ्या नर्सना सांगत होते, "ही माझी मुलगी, इथेच डॉक्टर आहे." मी प्रत्येकीला दुरुस्ती सांगितली. सगळ्या मला ओळखतात, तरी.

झोपेचं औषध देताना त्यांनी माझी बाही पकडली. "आ-ची, मला काही झालं तर वरच्या आळीतल्या तीन सिलिंडरचं..."

"बाबा, काही होणार नाही." हे मला खात्रीने माहीत नव्हतं. तरी म्हटलं.

पस्तीस मिनिटं लागली. डॉक्टर बाहेर आले, हातात फोटो. आतड्यात गाठ होती, माशाच्या छोट्या वडीएवढी. दुर्बिणीतूनच काढली. पुढचा अहवाल एका आठवड्यात.

दुपारी मॅडमनी बोलावलं. "दोनशे नव्व्याण्णव," म्हणाल्या. "तीनशे झाले नाहीत. नियमाप्रमाणे तुला कायम करता येत नाही."

"हो मॅडम."

"म्हणून परीक्षाकाळ आणखी तीन महिने. नवी मोहीम तुझ्याकडे. एक नळी जमा आहेच." मग त्यांनी खणातून कागद काढला. "आणि हा परतीच्या अंड्यांचा अर्ज. मी तयार करून घेतला. यापुढे सगळ्या विभागांना हाच."

मी घरी जाताना जिन्यात रडले. कांदा कुठेही नव्हता.

९ ऑगस्ट

अहवाल आला. गाठ बिघडण्याच्या बेतात होती, बिघडलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले वर्षभर थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती आधी रडली. मग बाबांना फोन द्यायला सांगून वीस मिनिटं जे बोलली ते मी लिहीत नाही, ते त्या दोघांचं खाजगी आहे. जिआन काकूंनी मात्र संध्याकाळी भोंग्यावर त्यातलं बरंचसं सांगितलं.

सातवा महिना चालू असून आज चार जणांनी खिडकीशी येऊन नळी मागितली. दिवसाउजेडी नेली तर पितर काही म्हणणार नाहीत, असं ठरलं आहे. पेंग काका म्हणाले, "गुलाबी नको."

दुकानात गेले तर बाबा स्टुलावर चढून खिळा ठोकत होते. डॉक्टरांकडून गाठीचा रंगीत फोटो त्यांनी मागून आणला आणि चौकट करून घेतला. माझ्या प्रमाणपत्राशेजारी लावला, सिलिंडरच्या वर, रस्त्यावरून दिसेल असा. गॅस मागायला आलेल्या लुओ आजोबांना हाताने दाखवत होते, "हे माझ्या मुलीचं शिक्षण. आणि हे त्याचं फळ."

मी म्हटलं, "बाबा, रुग्णाचा फोटो असा लावता येत नाही. गोपनीय असतं."

"रुग्ण कोण?"

"तुम्ही."

"मग माझी हरकत नाही."

मी नियमावली काढून पाहिली. बाबांचं बरोबर आहे.

फोटो जरा तिरका लागला होता. मी स्टुलावर चढून सरळ करायला गेले, तर बाबा खालून ओरडले, "राहू दे गं. आतही गाठ अशीच तिरकी होती."